शांघायला नेलेला खेळ आणि इचलकरंजीला गेलेला चेंडू

मेलबर्नच्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसात जो तो मला एकच विचारायचा, "तू कोणाला बॅरक करतेस?" आपल्याकडे "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारतात ना, अगदी त्याच सुरात. बॅरक करणं म्हणजे फुटीच्या एखाद्या टीमच्या बाजूने घसा फोडणं. "कोणालाच नाही" म्हटलं की समोरचा कासावीस होतो आणि स्वतःच आपल्याला एक गोत्र देऊन टाकतो. मी पश्चिमेकडे टारनीटला राहते हे कळल्यावर मला वेस्टर्न बुलडॉग्ज मिळाले. 1954 नंतर थेट 2016 ला जिंकलेली टीम. माझ्या स्वभावाला बरी आहे.

फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. क्रिकेटच्या मैदानावर अठरा विरुद्ध अठरा. दोन्ही टोकांना चार-चार खांब; मधल्या दोघांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. नेम हुकला तरी एक गुण देणारा खेळ मला लगेच आवडला. चेंडू लांबट, हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा. घेऊन पळायचं असेल तर दर 15 मीटरला टप्पा पाडायचा, आणि त्या आकाराचा चेंडू टप्पा पाडून परत हातात येणं ही निव्वळ साधना आहे. पहिल्या मॅचला लोक सारखे "बॉऽऽल!" म्हणून ओरडत होते. मला वाटलं, चेंडू कुठे आहे ते एकमेकांना दाखवतायत. पकडला गेलास, आता चेंडू सोड, फाउल दे, असा त्याचा अर्थ हे कळायला अर्धा सीझन गेला.

खेळ जुना आहे. क्रिकेटवाले हिवाळ्यात सुस्तावतात म्हणून टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने 1858 मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून असं काहीतरी सुरू करा म्हटलं, आणि 1859 मध्ये मेलबर्न क्लबने नियम कागदावर आणले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांच्याही चार वर्षं आधी. एवढं सगळं असून जग हा खेळ खेळत नाही, हे इथल्या लोकांना मनातून लागलेलं आहे. दर वर्षी सप्टेंबरच्या फायनलला एमसीजीवर लाखभर माणूस बसतो, आणि सोमवारी डब्बा खाताना कोणीतरी म्हणतंच, "हा खेळ बाहेर न्यायला हवा."

न्यायचा प्रयत्न झालेला आहे. 1987 मध्ये कार्लटन आणि नॉर्थ मेलबर्न या दोन टीम लंडनला ओव्हलवर प्रदर्शनी सामना खेळायला गेले. ओव्हल म्हणजे 1971 मध्ये वाडेकरांच्या टीमने इंग्लंडला हरवलं ते. तिथे या दोघांनी खेळापेक्षा मारामारी जास्त केली, आणि त्या सामन्याला आजही 'बॅटल ऑफ ब्रिटन' म्हणतात. नंतर 2013 पासून तीन वर्षं सेंट किल्डा क्लबने न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला मॅच नेली. आणि मग शांघाय: 2017, 2018, 2019. पोर्ट अॅडलेड क्लबने चीनमध्ये लीगचे, म्हणजे इथल्या मुख्य स्पर्धेचे, खरे गुण असलेले सामने खेळवले. 1930 च्या दशकातलं जुनं स्टेडियम फुटीसाठी लंबगोल करून घेतलं. पहिल्या मॅचला दहा हजारांच्या आसपास माणसं होती, पण त्यातले कितीतरी अॅडलेडहून विमान करून आलेले. म्हणजे वऱ्हाडही आपलं, कार्यालयही आपण सजवलेलं. फक्त गाव परकं. कोविड आला आणि ते बंद पडलं ते पडलंच.

माझं मत विचाराल तर हा खेळ बाहेर जावा, पण असा नाही. हे मत मी फुटीवरून बनवलेलं नाही, खो-खोवरून बनवलंय. मी इचलकरंजीची. शाळेत सहा वर्षं खो-खो खेळले, दोन्ही गुडघ्यांवर अजून खुणा आहेत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, तेव्हा मी इथे जागून फायनल बघितल्या. दोन्ही कप्तान आपले, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वायकर. दोन्ही फायनलला समोर नेपाळ, दोन्ही आपण जिंकल्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेजारी पांघरुणात बसलेल्या माझ्या लेकीने विचारलं, "आई, आपल्याला हरवू शकेल असं कोण आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

कबड्डीला ते उत्तर मिळालंय. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये इराणच्या पुरुषांनी आपल्याला सेमीफायनलला घरी पाठवलं आणि इराणच्या मुलींनी फायनलमध्ये. त्या मुलींच्या कोच होत्या नाशिकच्या शैलजा जैन! त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुतक होतं. दादाने "घरचा भेदी" वगैरे लिहिलं. मला मात्र वाटलं, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 ला बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली, ती खरी पोचली आत्ता. दाखवलेला खेळ लोक टाळ्या वाजवून विसरतात. त्याच खेळात दुसऱ्याने आपल्याला पाडलं की तो त्याचाही होतो.

फुटीतही असंच एकदा घडलंय, आणि ते कोणी शांघायसारखं सजवून घडवलं नव्हतं. 1984 मध्ये मेलबर्न क्लबने डब्लिनच्या पेपरात जाहिरात दिली. आयर्लंडचा गेलिक फुटबॉल या खेळाचा लांबचा भाऊ, म्हणून तिथली उंच पोरं हवी होती. जिम स्टाइन्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा आला. 1987 च्या प्रिलिमिनरी फायनलला, म्हणजे फायनलच्या आधीच्या मॅचला, खेळ संपता संपता, तो फ्री किक घेणाऱ्या खेळाडूच्या समोरून धावत गेला. नियमाने ते चालत नाही. समोरच्या हॉथॉर्न टीमच्या खेळाडूला 15 मीटर पुढून मारायला मिळालं, भोंगा वाजल्यावर त्याने गोल केला आणि मेलबर्न दोन गुणांनी हरलं. 1964 नंतर जिंकण्याची वाट बघणारा क्लब! इथली म्हातारी माणसं अजून ती जागा डोळे मिटून दाखवतात. दुसरा कोणी असता तर पुढचं विमान पकडून घरी गेला असता. स्टाइन्सने 1991 मध्ये ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलं, आणि सलग 244 सामने खेळला. 2012 मध्ये तो कॅन्सरने गेला तेव्हा सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. आता बायकांच्या लीगमध्ये तिसाच्या वर आयरिश मुली आहेत. 2018 मध्ये आयर्लंडच्या मेयोहून कोरा स्टॉन्टन आली, वय वर्षं 36. तिकडचे गेलिकवाले आता कुरकुर करतात की आमच्या पोरी पळवता. ती कुरकुरही खरीच आहे. तिकडे खेळाचे पैसे मिळत नाहीत, इकडे मिळतात.

दुसरं उदाहरण नाउरू. पॅसिफिकमधलं एवढंसं बेट, माणसं आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, आणि राष्ट्रीय खेळ फुटी. व्हिक्टोरियात शिकायला आलेली तिथली मुलं परत जाताना घेऊन गेली. कोणाची योजना नव्हती, बजेट नव्हतं. पापुआ न्यू गिनीतही खेळतात. मेलबर्नकडे 2017 पर्यंत होणारा इंटरनॅशनल कप त्यांनी तीनदा जिंकलाय (आपली टीमही 2008 ला आली होती, पण फार काही झालं नाही). आता मात्र पापुआ न्यू गिनीत 2028 पासून रग्बी लीगची टीम उभी राहतेय, ऑस्ट्रेलियन सरकारचे दहा वर्षांत 60 कोटी डॉलर्स घेऊन. फुटीवाले चीनमध्ये गवत लावत होते तेव्हा शेजारचं दार उघडं होतं, असं आमचा मॅनेजर म्हणतो. तो कडवा कॉलिंगवूड टीमचा असल्यामुळे त्याचं म्हणणं मी सहसा मान्य करत नाही, पण हे केलं.

आणि परदेशाचं काय घेऊन बसलात, देशातच अर्धं काम बाकी आहे. सिडनी-ब्रिस्बेनकडे अजून रग्बीच मोठी. त्या न दिसणाऱ्या सीमेला इथे 'बरासी लाइन' म्हणतात. टास्मानियात हा खेळ दीडेकशे वर्षं रुजलेला, आणि त्यांची टीम लीगमध्ये येणार 2028 ला, तीही स्टेडियमवरून एवढी भांडणं झाल्यावर.

शिवाय जग इथे आलेलंच आहे. शनिवारी सकाळी टारनीटच्या मैदानावर लहान मुलांचं ऑसकिक असतं. थंडीने नाक लाल झालेली पोरं, सिंग, पटेल, न्गुयेन, कुलकर्णी, एका चेंडूमागे माश्यांसारखी. ब्रेकला संत्र्याच्या फोडी. पण बारा-तेरा वर्षांची झाली की आपली बहुतेक मुलं क्रिकेटला नाहीतर क्लासला जातात. आईवडिलांना नियम कळत नाहीत, आणि क्लबात गेल्यावर कोणाशी काय बोलायचं ते उमगत नाही. मलाही उमगत नव्हतं. एका बाईने माझ्या हातात सुरी आणि संत्र्यांची जाळी दिली, तिथून सुरुवात झाली. शांघायच्या तिकिटांच्या पैशात अशी किती संत्री आली असती कोण जाणे.

भारताशी या खेळाचं एक नातं आधीपासून आहे, फारसं सांगण्यासारखं नाही. 2012 मध्ये बातमी आली की याच ऑसकिकचे चेंडू जालंधरकडे लहान मुलांकडून शिवून घेतले जात होते. लाखो चेंडू परत मागवले गेले. ज्या वयाची पोरं इथे चेंडूमागे पळतात, त्याच वयाची तिथे तो शिवत बसली होती, आणि त्याचं करतात काय हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

गेल्या डिसेंबरात लेकीने हट्टाने चेंडू बॅगेत कोंबला. वीस किलोतला अर्धा किलो! इचलकरंजीला दादाच्या घरामागच्या बोळात तिने मामेभावांना नियम समजावले. त्यांनी दहा मिनिटं ऐकले. मग खांब म्हणून चपला ठेवल्या, दगडांमुळे टप्पा रद्द केला, आणि भिंतीला लागून आलेला कॅच चालतो असं ठरवलं. आई दारात बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "हे काय, रग्बी आहे होय?" तिसऱ्या दिवशी लेक हरली, चिडून आत आली, जेवायलाही नको म्हणाली. चेंडू तिथेच राहिला.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी क्लबहाऊसच्या भिंतीला लागून उडालेला चेंडू तिने झेलला आणि हात वर केला. कोच म्हणाले, "नाही बाळ, ते चालत नाही."

"इचलकरंजीत चालतं," ती म्हणाली, आणि हात काही खाली करेना.