३८१६५४७२९०

विभाज्यतेच्या कसोट्या हा पाठ्यपुस्तकातला तसा रुक्षच धडा. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मला नेमका तोच आठवला. तो शिकवून झाल्यावर आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर दहा रिकाम्या चौकटी आखल्या होत्या. ० ते ९ हे अंक त्यांत एकेकदाच भरायचे. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने निःशेष भाग जावा, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला ३ ने, असं करत पूर्ण संख्येला १० ने.

दहा अंकांच्या मांडण्या ३६ लाखांच्या वर जातात. एकेक तपासायची म्हटली तर वर्ष सरलं असतं!

दहाव्या चौकटीत ०, पाचवीत ५, हे मागच्या बाकांवरूनही लगेच आलं. दुसरी, चौथी, सहावी, आठवी या जागा सम अंकांच्या, म्हणजे उरलेल्या चार विषमांच्या. चौथीपाशी सर रेंगाळले. तिच्या अलीकडचा अंक विषम आणि त्या दोहोंच्या संख्येला ४ ने भाग जायचा, तर चौथा अंक २ किंवा ६. ८ च्या कसोटीने आठवी चौकटही याच दोघांत अडकली. म्हणजे दुसरी आणि सहावी ४ नि ८ ची. पहिल्या तीन अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, पहिल्या सहांच्याही जातो, तेव्हा मधल्या तिघांच्याही जायलाच हवा. मग मधे २५८ तरी येतं, नाहीतर ६५४. तिसरा पर्यायच नाही. ९ ची अट तर फुकटात पुरी होते, कारण १ ते ९ ची बेरीज ४५.

एवढ्यावर फक्त दहा संख्या शिल्लक राहिल्या. त्यांचा निकाल ७ ने लावायचा. ७ च्याही कसोट्या आहेत म्हणा, पण त्यांच्यापेक्षा सरळ भागाकार बरा, असं माझं आजही मत आहे. नऊ ठिकाणी बाकी उरली. ३८१६५४७ ला मात्र ७ ने नेमका ५४५२२१ वेळा भाग गेला. या संख्येला कोणी ‘जादूची’ म्हटलं की मला पटत नाही. तिच्यातला एकही अंक हवेतून आलेला नाही.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली, तर ही साखळी कुठवर जाते, ते पुढे कॉलेजात कळलं. दहाव्या अंकापर्यंत अडत नाही, कारण शेवटी ० ते ९ लावून मिळणाऱ्या लागोपाठच्या दहा संख्यांत हव्या त्या पाढ्यातली एक तरी सापडतेच. अकरापासून ती हमी संपते. सर्वांत लांब जाते ती एकच संख्या, २५ अंकी: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे शून्य लावून २६ ने भागलं, तर बाकी १२ उरते. ती मिटवायला १४ मिळवायला हवेत आणि चौकट तर एकाच अंकाची.