ब्रायटनची ती पाटी आणि आमची मुंबई

इथे ब्रिटनमध्ये ऑफिसात लंचला एका कलीगकडून परत तोच प्रश्न आला, मुंबईत सिनेमात दाखवतात तशाच गँग आणि झोपडपट्ट्या असतात का. नेहमी मी हो-नाही करून विषय बदलते, पण यावेळी डोकं फिरलं, कारण त्याच वीकेंडला 'ब्रायटन रॉक' बघून झाला होता.

1947 साली बनलेला ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा, म्हणजे आपलं स्वातंत्र्याचं वर्ष. इंग्लिश लेखक ग्रॅहम ग्रीनच्या 1938 च्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक जॉन बोल्टिंग. ब्रायटन म्हणजे लंडनहून तासाभरावरचं समुद्रकिनाऱ्याचं गाव, वाळू नाही, नुसते गोटे, तरी उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. सिनेमात याच गर्दीत पिंकी नावाचा सतरा वर्षांचा गँगवाला एका माणसाच्या मागे लागतो, स्टेशनपासून गल्लीबोळातून थेट पॅलेस पिअरपर्यंत (पिअर म्हणजे समुद्रात गेलेला करमणुकीचा धक्का), आणि तिथल्या भुताच्या गाडीत, म्हणजे अंधारात घाबरवणाऱ्या जत्रेतल्या गाडीत, त्याला संपवतो. पोलीस प्रकरण मिटवून टाकतात, पण आयडा नावाची पिअरवर गाणारी बाई सोडत नाही. साक्षीदार पोरीचं, रोझचं, तोंड बंद राहावं म्हणून पिंकी तिच्याशी लग्नच करतो!! पुढचं सांगत नाही, बघा.

पण मला बोलायचंय ते सुरुवातीच्या पाटीबद्दल. गोष्ट सुरू व्हायच्या आधी पडद्यावर येतं की आजचं ब्रायटन आनंदी, मनमिळाऊ गाव आहे, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथे अंधाऱ्या गल्ल्या, घाणेरड्या वस्त्या आणि टोळीयुद्ध होतं, आता ते सुदैवाने उरलेलं नाही. झालं, विषय संपला. एका पाटीत गाव स्वच्छ! आणि आमच्या मुंबईवर एखादा सिनेमा निघाला की तेच तिचं जगभरचं आधार कार्ड, मग तिथे जन्मलेल्या माणसाला परदेशात वर्षानुवर्षं त्याचीच उत्तरं देत बसावं लागतं. आम्हाला कुणी अशी पाटी लावू दिली? मी त्या कलीगला हे सगळं सांगितलं, त्याने सिनेमा बघितलाच नव्हता. इथेच जन्मलेला माणूस!

एक मात्र मान्य करावंच लागेल, पाटी लावली तरी कॅमेरा खऱ्या ब्रायटनमध्ये नेला, खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या पिअरवर, सेटमागे लपले नाहीत. आपल्याकडे गावाची बदनामी होते म्हणून शूटिंग अडवणारे कमी नाहीत, तो भाग मला आवडत नाही आणि त्याची बाजू मी घेणार नाही.

आणि पिंकी कोण आहे माहितीये? रिचर्ड ॲटनबरो! तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीसचा, कोवळा चेहरा आणि डोळ्यात दयामाया शून्य, बघताना अंगावर काटा येतो. याच माणसाने 1982 मध्ये 'गांधी' दिग्दर्शित केला, ज्यात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि ज्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. कलीगला हेही सांगितलं, अगदी नावं दोनदा उच्चारून. तो गप्प ऐकत होता आणि मला खरंच बरं वाटलं.

सबटायटल्स लावून बघा, त्या काळची गुंडांची इंग्लिश इथे राहूनही मला पटकन कळत नाही.