उत्तरायण झाली, आता या

उत्तरायणला, म्हणजे १४-१५ जानेवारीच्या पतंगांच्या सणाला, आमच्या बडोद्यात पतंगाच्या दोरीने जखमी झालेल्या पक्ष्यांच्या सेंटरवर व्हॉलंटियर्सची काही कमी नसते. कॉलेजची मुलं येतात, सोसायटीतल्या काकू चहा-नाश्ता पाठवतात, गुजरात सरकारचं जखमी पक्ष्यांना वाचवायचं करुणा अभियान २०१७ पासून दर जानेवारीत चालतं ते पण चालूच असतं, १९६२ नंबरला फोन लावला की अ‍ॅम्ब्युलन्स येते. त्या दिवसांत खरंच छान काम होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस) झाली, उंधियू-जिलेबी खाऊन झाली, फिरक्या माळ्यावर गेल्या की माणसं यायची बंद होतात आणि पिंजरे मात्र भरलेलेच असतात.

दोरी कुठे जाते हो? दांडिया बाजारातून रावपुऱ्यापर्यंत जरा वर बघत चाला, वायरी, कौलं, पिंपळाच्या फांद्या, सगळीकडे गुंते लोंबत असतात. सुती दोरी निदान उन्हापावसात कुजते तरी, नायलॉनची तशीच राहते. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो अजून झाडांवर दिसतो याचा मला फार राग येतो. फेब्रुवारीत जी कबुतरं येतात ना, त्यांच्या पायाला दोरा इतका घट्ट आवळलेला असतो की बोटं काळी पडलेली असतात, आणि तो दोरा सोडवायला बारीक कात्री, चिमटा आणि खूप धीर लागतो, एकाने धरायचं आणि दुसऱ्याने कापायचं.

धरणं हेच मुळात शिकावं लागतं. पंख अंगालगत दाबून धरायचे, पण छाती आवळायची नाही, पक्ष्याला श्वास घेताना छाती हलवावीच लागते. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला की थांबायचं, अंधाऱ्या खोक्यात ठेवून द्यायचं. जखम तर दिसतच नाही आधी, पिसांखाली असते. आमच्या इथल्या एक मावशी पिसांवर हलकी फुंकर मारतात, पिसं बाजूला होतात आणि मग खांद्यापासून पुढे ताणलेली पातळ कातडी फाटलेली दिसते. ती कातडी नीट जुळली नाही तर पक्षी जगतो पण उडत नाही. म्हणून टाके घातल्यावर पुढचे कित्येक आठवडे ड्रेसिंग, नंतर पंख हळूहळू उघडमीट करून देणं, आणि जो स्वतः खात नाही त्याच्या चोचीत भिजवलेले वाटाणे एकेक करून सरकवणं. यातलं काहीच फोटो काढण्यासारखं नाही, म्हणून कदाचित कोणाला माहीत नसतं.

आणि प्लीज, पक्षी सापडला तर चोचीत पाणी ओतू नका, ते सरळ श्वासनळीत जाऊ शकतं. पंख मोडून हाड बाहेर आलं असेल तर त्यावर पण पाणी ओतायचं नाही, कारण कबुतरासारख्या पक्ष्यांच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि आतून हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटाच आला. अडकलेला दोरा ओढू नका, दोन्हीकडून कापा आणि जखमेतला तुकडा तसाच राहू द्या. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने हलकं दाबून धरा, बुटांच्या खोक्याला भोकं पाडा, आत पक्षी ठेवा, झाकण लावा आणि फोन करा. सारखं उघडून बघू नका, मुलांना पण सांगा, भीतीनेच जीव जातो कितीदा तरी.

मला माहितेय सगळ्यांनाच पक्षी हातात धरायला जमत नाही, रक्त बघवत नाही, काही हरकत नाही. जुने पेपर रोज लागतात, पुठ्ठ्याची खोकी लागतात, पिंजरे धुवायला माणसं लागतात. तेही नको असेल तर आपल्या गल्लीतली पोरं गोळा करा, बांबूला आकडा बांधा आणि हाताशी येईल ती दोरी काढा (विजेच्या तारांना हात नाही लावायचा, बांबू पण नाही, ते वीजवाल्यांनाच सांगायचं), काढलेली दोरी बारीक कापूनच कचऱ्यात टाका नाहीतर तिथे गाईच्या तोंडात जाते. आणि सेंटरवर यायचं असेल तर दुपारी या, दाणे भरवायची वेळ असते आणि तेव्हाच हात सगळ्यात कमी पडतात.