बांधकामाच्या रकान्यातला कार्बन

क्षेत्रवार कार्बन उत्सर्जनाचं मॉडेल बांधायचं काम हाती आलं तेव्हा मला तो साधा गुणाकार वाटला होता. कुठल्या क्षेत्रात किती इंधन जळतं ते घ्यायचं आणि उत्सर्जन गुणांकाने, म्हणजे ठरावीक इंधनामागे किती कार्बन डायऑक्साइड सुटतो त्या आकड्याने, गुणायचं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत बिट्युमिनस कोळशासाठी दर गिगाज्यूलमागे ९४.६ किलो, नैसर्गिक वायूसाठी ५६.१ किलो कार्बन डायऑक्साइड धरलाय. एका जुन्या तक्त्यातले आकडे नुसत्या कार्बनचे निघाले. त्यांचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२ ने (रेणू आणि कार्बन अणूच्या वजनांच्या गुणोत्तराने) गुणायचं राहून गेलं होतं, ते दुरुस्त केलं. यादी तयार झाली. वीजनिर्मिती सर्वांत वर, बांधकाम पार तळाशी.

ती यादी मला खटकत होती. बांधकामावर इंधन फारसं जळत नाही हे खरं, पण सिमेंट, पोलाद, काच कुणासाठी बनते?

मग अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिएफ यांच्या आदान-प्रदान (इनपुट-आउटपुट) पद्धतीकडे वळलो. कुठलं क्षेत्र कुणाकडून किती माल घेतं याचा तक्ता मांडला, की एका इमारतीमागची सिमेंटची भट्टी, त्या भट्टीला लागणारी वीज, त्या विजेमागचा कोळसा, अशी सगळी साखळी मोजता येते. गणित संगणक करतो. माझे तीन आठवडे गेले ते नावं जुळवण्यात. ऊर्जेच्या ताळेबंदात ‘वाहतूक’ म्हणजे वाहनांत जळणारं सगळं इंधन, घरच्या गाडीतलंसुद्धा. आर्थिक तक्त्यात ‘वाहतूक’ म्हणजे भाडं घेऊन माल आणि माणसं नेणारा व्यवसाय. कारखान्याच्या स्वतःच्या ट्रकचं डिझेल तिथे कारखान्याच्या खात्यात जातं. ही वाटणी चुकली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून रोज ताळा घेत होतो: अंतिम मागणीवर (शेवटी वापरल्या जाणाऱ्या वस्तू, सेवा आणि इमारतींवर) वाटलेलं उत्सर्जन अधिक घरांनी थेट जाळलेलं इंधन, यांची बेरीज मूळ एकूण आकड्याएवढी यायलाच हवी.

ताळा जुळला त्या दिवशी बांधकाम यादीत खूप वर सरकलं होतं.

मग वीज पूर्णपणे स्वच्छ झाली असं धरून मॉडेल चालवलं. ॲल्युमिनियमचं उत्सर्जन झपाट्याने उतरलं, सिमेंटचं जेमतेम हललं. चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, टनभर क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारे गोळे, जे दळून सिमेंट होतं) सुमारे अर्धा टन, आणि भट्टीतल्या इंधनाचा धूर त्याहून वेगळा. सौर पॅनल कितीही बसवले तरी हा अर्धा टन जात नाही. त्यामुळे अहवालात सिमेंटसाठी मी वेगळं प्रकरण लिहिलं: क्लिंकरच्या जागी पोलाद कारखान्यातली धातुमळी (स्लॅग) आणि भाजलेली माती वापरणं, आणि तेवढ्याच मजबुतीची इमारत कमी काँक्रीटमध्ये उभी करणं. ही दुसरी सूचना मला अधिक मोलाची वाटते, कारण ती मागणीलाच हात घालते.

कार्बन करावर मात्र या मॉडेलवरून काही लिहिलं नाही. यात कुठल्या क्षेत्राला कशाचा किती माल लागतो ते गुणांक स्थिर असतात. करामुळे कोळसा महागला की कारखाना इंधन बदलेल, हे त्यात दिसतच नाही. त्यासाठी किमतींप्रमाणे बदलणारं मॉडेल लागतं, ते आता बांधायला घेतलंय.