पाच वाजताचे मजूर

बायबलातल्या गोष्टींचा आध्यात्मिक अर्थ कसा शोधावा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नागपूरच्या अंबाझरी तलावावर सकाळी फिरायला येणारे आमचे एक स्नेही वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारतात, "ताई, उपनिषदं वाचली की डोकं चक्रावतं. तुमच्या बायबलात मात्र मेंढरं, बी पेरणारा, घर सोडून गेलेला पोरगा. गोष्टी छान आहेत हो, पण अध्यात्म कुठे आहे त्यात?" आमच्या चर्चमधली तरुण मुलं तेच दुसऱ्या टोकाकडून विचारतात. वरवरचा अर्थ कळला, म्हणतात, आता आतला सांगा.

मुलांना आतला म्हणजे गुप्त अर्थ हवा असतो, आणि आकड्यांवर तर त्यांचा भारी जीव. त्यालाही परंपरा आहेच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी जाळ्यात १५३ मोठे मासे सापडतात. संत ऑगस्टीनने त्याचा हिशेब लावला: १ ते १७ या आकड्यांची बेरीज १५३, आणि १७ म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं. बेरीज बरोबर आहे, मी करून पाहिली आहे. पण ती कळल्यानंतर कामवाल्या बाईशी मी जशी बोलत होते तशीच बोलत राहिले. मासे मोजले असतील ते वाटणीसाठी, असं आपलं मला वाटतं. कोळी मोजणारच.

माझा अनुभव असा की वचन जिथे टोचतं तिथेच बसून राहावं. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातला दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, घ्या. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे चौकात जाऊन मजूर आणतो, रोजी ठरते एक दिनार, म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. मग तो नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि संध्याकाळी पाचलाही जातो. सूर्य मावळल्यावर मुकादमाला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर. पाचला आलेल्यांना एक दिनार मिळतो, आणि पहाटेपासून ऊन सोसलेल्यांनाही एकच. ते चिडतात. कोण नाही चिडणार?

याचे आध्यात्मिक अर्थ जुन्या आचार्यांनी पुष्कळ लावले. ओरिजेनने या वेळांमध्ये मानवी इतिहासाचे कालखंड पाहिले, आयुष्याचे टप्पेही पाहिले. पाच वाजताचा मजूर म्हणजे म्हातारपणी देवाकडे वळलेला माणूस. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ईस्टरच्या उपासनेत योहान क्रिसोस्टोमच्या नावाचं प्रवचन वाचतात, त्यातही उशिरा आलेल्याने भिऊ नये असा दिलासा आहे. मी याच अर्थावर वाढले. पाळकसाहेबांकडून तो इतक्यांदा ऐकला की पुढे कानच बंद झाले.

मग एकदा आमच्या घरच्या प्रार्थनासभेत हा उतारा निघाला. तिथे एक बाई येतात, बांधकामावर रेजा म्हणून काम करतात. विटा-रेतीची घमेली उचलून त्यांच्या मानेमागे घट्टा पडला आहे. कामाच्या शोधात मजूर उभे राहतात त्या जागेला इकडे ठिय्या म्हणतात. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत ठिय्यावर कोण उभं राहते जी? दहा-अकरा वाजले की समजते, आज काही खरं नाही. डबा घेऊन माणूस घरी जातो. जो पाचपर्यंत उभा आहे ना, त्याला घरी जायचं तोंड नसंल."

खोलीतलं कोणी काही बोललं नाही. मी पुन्हा वचन काढून पाहिलं. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलंच नाही. हे उत्तर मी कितीदा वाचलं असेल, पण ते बहाण्यासारखं वाचत आले होते. ठिय्यावर आधी कोणाला उचलतात? तरण्याताठ्या गड्यांना. म्हातारा, लंगडा, खोकणारा मागे राहतो. त्याच्या चुलीला दिनार पूर्णच लागतो, एका तासापुरता कापून दिलेला पुरत नाही. आता सांगा, यात वरचा अर्थ कुठला आणि आतला कुठला?

आणखी एक. हा दाखला येशू कोणाला सांगतो? त्याच्या जरा आधी पेत्र या शिष्याने विचारलं आहे, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हांला काय मिळणार? बायबलचे अध्याय तेराव्या शतकात पडले, आणि नेमकी इथे एकोणिसाव्या-विसाव्याची भिंत उभी राहिली. भिंत काढून वाचलं की पहाटेचे मजूर म्हणजे शिष्यच, आणि शिष्य म्हणजे दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारे आम्ही.

अंबाझरीच्या स्नेह्यांसाठी दोन शब्द. डोकं चक्रावायलाच हवं असेल तर योहानाचा पहिला अध्याय आहे, 'प्रारंभी शब्द होता' तिथून सुरुवात करा. पण कवी नारायण वामन टिळकांचं पाहा. संस्कृतात मुरलेला माणूस, काही काळ नागपुरात बुटी या धनिकांकडे होता. १८९३ मध्ये इथून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने बायबलचा नवा करार हातात दिला. टिळक अडकले ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनात, त्या साध्या वाक्यांत. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं म्हणत राहिले. ते प्रवचन संपतं कसं? ऐकून तसं वागेल त्याचं घर खडकावर, नुसतं ऐकेल त्याचं वाळूवर. 'बोले तैसा चाले' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

मुलांनी पद्धत विचारली तर बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गीगो नावाच्या संन्याशाने चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवापुढे असणं. मी पहिल्या दोनच पायऱ्यांवर जास्त रेंगाळते. आठवडाभर त्याच चार-सहा ओळी, भाजी निवडतानासुद्धा.

पहाटेच्या मजुराने शेवटी ते दिनार घेतलं का, की रागाने तिथेच टाकलं, हे मत्तय सांगत नाही. आमच्या सभेत यावर अजून भांडण आहे. एका गृहस्थांचं म्हणणं, घेतलं असेल, पण दुसऱ्या दिवशी शहाणा होऊन तो पाचलाच आला असेल. रेजाबाई हसल्या. "येऊ द्या ना बाप्पा," म्हणाल्या, "दिवसभर ठिय्यावर उभं राहून पाहू द्या त्याला बी."