आमची वाटचाल : टर्नर, इंजिनिअर आणि २१ मायक्रॉन

शाफ्ट, बुश, फ्लँज असे सुटे भाग आम्ही बनवतो. सुरुवात एका जुन्या लेथवर झाली. कॉलेजला न जाता मी टर्नरचं, म्हणजे लेथवर धातू फिरवत कापून त्याला आकार देण्याचं, काम शिकलो. मार्क चांगले असताना लेथ कशाला, असं घरचे बरेच दिवस विचारत राहिले. मला धातू कापायला आवडायचं आणि शिकतानाच थोडे पैसे हातात येत होते. डिग्रीसाठी घरच्यांवर कर्जाचा बोजा टाकायचा नव्हता, हेही खरं.

पहिली काही वर्षं झिजलेले शाफ्ट भरून पुन्हा टर्न करण्यात गेली. मग बेअरिंगच्या बोअरचं, म्हणजे नेमक्या मापाच्या गोल भोकाचं, काम मिळालं आणि आमचा कस लागला. २५ मिमीचा एच७ (भोकाच्या मापाचा एक ठरलेला दर्जा) बोअर म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिमी यांच्यातच हवं. सगळी मिळून मोकळीक, म्हणजे टॉलरन्स, २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), केसाच्या जाडीहूनही कमी. त्यात पोलाद तापलं की फुगतं. बोअर वीस अंशांनी गरम असताना मोजला तर पाच-सहा मायक्रॉन मोठा दिसतो आणि थंड झाला की तेवढाच आकसतो. म्हणजे पाव टॉलरन्स नुसत्या घाईत जातो. आमचे जुने टर्नर जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, हात लावूनच सांगत, "थांब, आत्ता मोजू नको." ही समज त्यांना रोजच्या कामातून आली होती, आणि ती मी विद्याच मानतो.

सीएनसी (संगणकावर चालणारी मशिनं) आल्यावर आम्ही एक डिग्रीवाला इंजिनिअर घेतला. खोल बोअर करताना बार (आत कापणारं टूल धरणारा दांडा) थरथरतो, हे टर्नरना ठाऊकच होतं. ते फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, कमी करून वेळ निभावत. इंजिनिअरनं हिशोब मांडला : बार दुप्पट बाहेर काढला की तेवढ्याच जोराला आठपट वाकतो, पण त्याचा व्यास दुप्पट केला तर वाक सोळापट कमी होतो. त्यानंतर बसेल तितका जाड बार घ्यायचा आणि गरजेपुरताच बाहेर काढायचा, ही आमची पद्धत झाली. बार किती बाहेर ठेवला तर त्याला धरणारा होल्डर जॉबच्या तोंडावर आपटणार नाही, हे मात्र टर्नरनंच सांगितलं.

म्हणून "डिग्री की ट्रेड (हातानं करायचं कसबी काम)" असं विचारणाऱ्या मुलांना मी आधी विचारतो, तुला दिवसभर काय करायला आवडेल? डॉक्टर व्हायचं असेल तर डिग्रीला पर्याय नाही. पण केवळ लोक काय म्हणतील म्हणून डिग्री घेणं मला पटत नाही. जर्मनीच्या पात्रता-चौकटीत मास्टर कारागीर आणि पदवीधर एकाच, सहाव्या स्तरावर आहेत. तो मान आपणही मनापासून द्यायला हवा.

ट्रेडचे कष्टही मी लपवत नाही. दिवसभर उभं राहावं लागतं, आवाज असतो, पाठ दुखते. वय वाढतं तसं सेटिंग, प्रोग्रॅमिंग, तपासणी यांकडे सरकावं लागतं आणि त्यासाठी त्रिकोणमिती व ड्रॉईंग पक्कं लागतं. म्हणून आमच्या शिकाऊ मुलांना आधी साध्या लेथवर उभं करतो आणि आठवड्यातून ठरलेला वेळ गणिताला देतो. आमचा एक सेटर (मशिन कामासाठी लावून देणारा) नोकरी सांभाळून डिग्री करतोय. परीक्षेच्या दिवसांत त्याची पाळी आम्ही बदलून देतो.