पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पापासून तलावाच्या नोंदवहीपर्यंत : माझा अनुभव

पदवीच्या विद्यार्थ्याला, त्याची शाखा कोणतीही असो, पर्यावरणाचा विषय शिकावाच लागतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिलेल्या निर्णयातून या सक्तीची वाट निघाली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी देशभर लागू होणारा अभ्यासक्रम आखला. वर्गातल्या तासांबरोबर प्रत्यक्ष क्षेत्रकार्यही त्यात अपेक्षित आहे. व्यवहारात मात्र पुष्कळ विद्यार्थी मागच्या तुकडीच्या वहीतून काही पाने उतरवून देतात आणि विषय संपतो. नागपुरासारख्या शहरात असे व्हावे याचे मला मनापासून वाईट वाटते. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपण जिला ‘नीरी’ म्हणतो ती, 1958 पासून याच शहरात आहे. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, गोरेवाडा असे तलाव भर वस्तीत किंवा वस्तीला लागून आहेत. आणि त्यांच्याविषयी विचारण्यासारखे प्रश्न घराबाहेर पडताच दिसू लागतात. विज्ञान शाखेत शिकताना याच सक्तीच्या विषयातून मला आणि माझ्या मैत्रिणींना जे काम मिळाले, ते कसे पार पडले हे येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात राष्ट्रीय सेवा योजनेतून झाली. ही योजना 1969 मध्ये सुरू झाली. तिच्यात नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते आणि एक सात दिवसांचे विशेष शिबिर करायचे असते. नावनोंदणी सत्राच्या आरंभी होते व जागा ठरलेल्या असतात, म्हणून कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकांना प्रवेशाच्या दिवसांतच भेटलेले बरे. सेवा योजनेतले सगळेच उपक्रम सारखे मोलाचे असतात असे मी म्हणणार नाही. जुलैमध्ये लावलेल्या रोपांना पुढच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, पाणी कोण घालणार हे आधी ठरलेले नसेल तर त्या वृक्षारोपणाचा उपयोग छायाचित्रापुरताच राहतो. याउलट ‘पौर्णिमा दिवस’ हा आपल्या शहराचा उपक्रम मला फार शिकवून गेला. महानगरपालिका आणि ग्रीन विजिल फाउंडेशन यांच्या पुढाकाराने पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ या वेळेत अनावश्यक दिवे बंद ठेवण्याची विनंती नागरिकांना व दुकानदारांना केली जाते. भर बाजारात एखाद्या व्यापाऱ्याला पाटीवरचे दिवे तासभर बंद ठेवायला सांगणे, त्याचे म्हणणे ऐकून घेणे, वीज कोराडी-खापरखेड्याला कोळसा जाळून तयार होते हे त्याला पटेल अशा शब्दांत मांडणे, या गोष्टी कोणत्याही तासिकेत शिकवल्या जात नाहीत.

आमच्या प्रकल्पाचा विषय मात्र गणेशविसर्जनाच्या दिवशी सापडला. कृत्रिम कुंडांजवळ निर्माल्य गोळा करण्याचे काम आमच्या तुकडीकडे होते. हार-फुले, दूर्वा आणि केळीचे खांब एका बाजूला. दोरा, थर्माकोल, प्लास्टिक आणि जरीची वस्त्रे दुसऱ्या बाजूला, अशी वर्गवारी तिथल्या तिथे करावी लागते, कारण एकदा सगळे एकत्र झाले की त्याचे खत होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना 2010 मध्ये काढल्या व 2020 मध्ये त्या सुधारल्या. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट; ते पाण्यात फार हळू विरघळते आणि पाण्याचा कठीणपणा वाढवते, शिवाय रंगांतील जड धातू गाळात साचतात. निर्माल्याचा परिणाम वेगळ्या प्रकारचा असतो. ते कुजताना पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन खर्ची पडतो. हे सारे पाठ्यपुस्तकात वाचलेले होते. पण कुंडे आल्यानंतर आपल्या तलावांवर विसर्जनाचा प्रत्यक्ष परिणाम आता किती उरला आहे, हे त्या संध्याकाळी आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना, आणि तोच आमचा प्रश्न झाला.

पर्यावरणाच्या मॅडमनी तो ऐकल्यावर सर्वांत आधी त्याला कात्री लावली. शहरातल्या सर्व तलावांचा अभ्यास ही कल्पना त्यांनी बाजूला ठेवली. महाविद्यालयाच्या जवळचा एकच तलाव घ्यायचा, त्यावर दोनच जागा निश्चित करायच्या, एक ओहोळ येऊन मिळतो ती आणि दुसरी तिच्या समोरच्या काठाची, आणि मोजायच्या गोष्टी मोजक्याच ठेवायच्या, पण त्या वर्षभर मोजायच्या, असे त्यांनी सांगितले. पुढच्या उत्सवाच्या आधीच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय नंतरच्या नोंदींना अर्थ नसतो, हा त्यांचा मुद्दा निर्विवाद होता. तलावाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. विद्यार्थ्यांच्या एका वर्षाच्या नोंदींवरून एखाद्या तलावाविषयी शहरात मत तयार व्हावे, इतका त्या नोंदींचा आवाका नाही.

परवानग्यांना अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. काठावरून बाटलीभर पाणी घ्यायला कोणी अडवत नाही, पण अहवाल महाविद्यालयाच्या नावाने जाणार असल्यामुळे प्राचार्यांचे पत्र हवे होते, आणि ते पत्र घेऊन ज्या कार्यालयात गेलो तेथून आम्हाला दुसऱ्या कार्यालयाकडे व तेथून पुन्हा पहिल्याकडे पाठवण्यात आले. शेवटी मॅडमच्या सल्ल्याने आम्ही अर्जाचे स्वरूप बदलले. परवानगी मागण्याऐवजी काम काय आहे, कोण करणार, कोणत्या जागी व कोणत्या वेळी करणार हे एका पानात कळवले, आवक शिक्क्याची प्रत घेतली आणि ती नेहमी सोबत ठेवली. त्यानंतर कोणीही हरकत घेतली नाही. असे काम हाती घेणाऱ्यांना मी हीच पद्धत सुचवीन.

विरघळलेला ऑक्सिजन आम्ही विंकलर पद्धतीने मोजला. यंत्राने तो क्षणात कळतो, परंतु आमच्या विभागात तसे यंत्र नव्हते, आणि आज वाटते की नव्हते हे चांगले झाले, कारण विंकलर पद्धतीत पाण्याशी प्रत्यक्ष गाठ पडते. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची. तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही द्रावणे पिपेटने पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडायची. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. एवढे काम काठावरच उरकावे लागते, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतले जिवाणू ऑक्सिजन वापरतच राहतात. पुढे प्रयोगशाळेत सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा, मोकळ्या झालेल्या आयोडीनचे सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (टायट्रेशन) करायचे, म्हणजे ब्युरेट या मोजखुणांच्या काचनळीतून थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचे, आणि स्टार्चचा निळा रंग नाहीसा झाला की ब्युरेटवरचा आकडा लिहून घ्यायचा. नमुना दोनशे मिलिलिटर आणि थायोसल्फेटची तीव्रता 0.025 नॉर्मल ठेवली, तर ब्युरेटमधला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन, असा सरळ हिशेब बसतो. केंद्रीय मंडळाच्या वर्गीकरणानुसार मासे व वन्यजीवांसाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम आणि उघड्यावरील स्नानासाठी किमान 5 मिलिग्रॅम ऑक्सिजन पाण्यात असावा लागतो. पहिल्या वर्षी ज्या ब्युरेटने केवळ गुणांसाठी प्रयोग केले, तिच्यावरचा आकडा आता पाण्यातल्या माशांविषयी काही सांगत होता, आणि यामुळे रसायनशास्त्राकडे पाहण्याची माझी दृष्टी कायमची बदलली.

नमुने कोणत्या वेळी घ्यायचे, हे आम्हाला तलावावर जाळे टाकणाऱ्या एका ढिवर काकांनी शिकवले. आमच्या बाटल्या पाहून त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, “बाई, दुपारच्या पाण्यावरून काही समजत नाही. पहाटे या. मासा वर येऊन तोंड उघडते, तेव्हा पाहा.” मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी त्यामागचे कारण फळ्यावर मांडून दाखवले. हिरवे शेवाळ दिवसा प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात ऑक्सिजन सोडते, त्यामुळे सांडपाण्याने भरलेल्या तलावातही दुपारी आकडा भरपूर दिसू शकतो. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि जिवाणू असे सगळेच श्वसन करतात आणि सूर्योदयापूर्वी ऑक्सिजन सर्वांत कमी झालेला असतो. त्यानंतर आम्ही पहाटेची वेळ कायम केली. मुलींनी अंधारात तलावावर जायचे म्हटल्यावर घरून प्रश्न येणारच होते. प्रयोगशाळेतले परिचर दादा आणि एका मैत्रिणीची आई आळीपाळीने सोबत येऊ लागल्या, तेव्हा तो प्रश्न सुटला. काकांनी आपल्या नावेतून आम्हाला खोल पाण्यापर्यंत नेले, म्हणून पाण्याची पारदर्शकताही मोजता आली. त्यासाठी लागणारी वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी आम्ही डब्याच्या झाकणाला रंग देऊन तयार केली होती.

पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ती जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, मोजण्यासाठी भारतीय पद्धतीत नमुना 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवावा लागतो. आमच्याकडे तसे उपकरण नव्हते. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने आपल्या उष्मायकातला (इनक्युबेटरमधला) एक कप्पा दिला. विभागाविभागांमधली ही देवाणघेवाण कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसते, पण विद्यार्थ्यांच्या कामाचा पुष्कळसा भार तिच्यावरच असतो.

वर्षाअखेरीस जे हाती आले ते आमच्या मूळ समजुतीपेक्षा वेगळे होते. विसर्जनाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फरक दिसला, पण ओहोळाच्या तोंडाशी आणि समोरच्या काठाशी वर्षभर जो फरक दिसत राहिला, त्यापुढे तो लहान होता. शिवाय विसर्जनानंतर पाऊस झाल्यामुळे त्या लहान फरकाचेही श्रेय किंवा दोष कोणाला द्यायचा हे ठरवता येत नव्हते, आणि अहवालात आम्ही ते तसेच लिहिले. तलावाला बारा महिने त्रास देणारी गोष्ट वरच्या वस्त्यांमधून येणारे सांडपाणी ही आहे. एक दिवसाच्या उत्सवावर सर्वांचे लक्ष असते, रोजच्या ओहोळावर कोणाचेच नसते. हे केवळ एका तलावापुरते नाही. अंबाझरीच्या खाली वाहणारी नाग नदी शहराचे सांडपाणी घेत पूर्वेकडे जाते आणि ते पाणी कन्हान, वैनगंगा असे करत गोसीखुर्द धरणापर्यंत पोहोचते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हापासून आपल्या तलावांचे काय चालले आहे हे जाणून घ्यायला लोक तयार झाले आहेत; आमच्या सादरीकरणाला विद्यार्थ्यांपेक्षा परिसरातले रहिवासी जास्त आले होते.

प्रयोगशाळेत न जाणाऱ्यांना या क्षेत्रात वाव नाही, असा समज मला वारंवार ऐकू येतो आणि तो खरा नाही. वाणिज्य शाखेतल्या माझ्या मैत्रिणीने महाविद्यालयाच्या वीजबिलांचा महिनावार तक्ता केला आणि सुट्टीच्या महिन्यांतही वापर फारसा का घटत नाही हे शोधत ती रात्रभर चालू राहणाऱ्या पंपापर्यंत पोहोचली. महाविद्यालयांच्या ‘नॅक’ मूल्यांकनात हरित व ऊर्जा लेखापरीक्षणाविषयी विचारले जाते, त्यामुळे अशा तक्त्याचे कार्यालयातही स्वागत होते. मराठी साहित्याच्या एका विद्यार्थ्याने गवत, मासे आणि पाखरांची ढिवर व गोवारी मंडळींच्या तोंडची नावे गोळा केली. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करायची असते आणि तिला नेमकी अशीच माहिती लागते. पक्ष्यांची आवड असेल तर 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आहे, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंतचा. आणि फेब्रुवारीत महाविद्यालयांच्या आवारात पक्षिगणना होते, जिच्या नोंदी ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर कोणालाही करता येतात. शासकीय माहिती हवी असल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज करता येतो आणि उत्तराची मुदत सामान्यतः तीस दिवसांची असते. प्रकल्पाच्या वेळापत्रकात ती आधीच धरलेली बरी.

उन्हाळी प्रशिक्षणासाठी मी एका संशोधन संस्थेकडे अर्ज केला, तेव्हा विभागप्रमुखांचे शिफारसपत्र आणि गुणपत्रिका यांच्यासोबत आमच्या नोंदवहीच्या काही पानांच्या प्रती जोडल्या होत्या. मुलाखतीत गुणांविषयी फारसे विचारले गेले नाही. काठावरच द्रावणे घालून नमुना स्थिर का करता, अझाइड कशासाठी घालता, पहाटेची वेळ कशी ठरवली, असे प्रश्न आले आणि प्रत्येकाचे उत्तर आमच्याच वहीत होते. प्रशिक्षणाच्या काळात राहण्या-जेवणाचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो, म्हणून बाहेरगावच्या मुलांनी ही चौकशी अर्जाआधीच करावी. नागपुरात घर असलेल्यांना याबाबतीत जो लाभ आहे, तो त्यांनी वाया घालवू नये असे मला कळकळीने वाटते.

नोंदवही आता दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे आहे. तलावाच्या जागा दोनच ठेवून त्यांनी यंदापासून फॉस्फेटची चाचणी जोडली आहे, कारण जलपर्णी आणि शेवाळ ज्यावर पोसते ते सांडपाण्यातून किती येते, हा प्रश्न आमच्या अहवालात सुटायचा राहिला होता. त्यासाठी लागणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर शेजारच्या विभागाकडून शनिवारी सकाळी मिळतो, म्हणून नमुने घेण्याचा वारही आता शनिवार झाला आहे.